शाळेत आलेला फुगा-डोम आणि बर्फाखालचा समुद्रतळ

आमची शाळा सोलापुरात पूर्व भागात आहे. निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, आई-वडील यंत्रमागावर. मी आठवीला भूगोल शिकवते. मार्चमध्ये आम्ही हवेनं फुगवायचा फिरता डोम बोलावला, म्हणजे आत बसून चहूबाजूंनी चित्रफीत बघायचा घुमट. मुलामागे 50 रुपये, एका खेपेला 40 मुलं, 35 मिनिटं. इतर शाळांतल्या बाई-सर विचारतात म्हणून लिहिते.

सकाळच्याच खेपा घ्या. आमची दुपारी दोनची खेप पत्र्याच्या सभागृहात झाली आणि दोन मुलींना उकाड्यानं अर्ध्यातून बाहेर आणावं लागलं. निवेदन मराठीत हवं असं आधी सांगूनही हिंदीच लागलं. डोमवाले दादा मात्र फार समजूतदार. मुलांनी मागितला तो भाग त्यांनी पैसे न घेता पुन्हा लावला.

तो भाग अंटार्क्टिकाच्या समुद्रतळाचा. उथळ पाण्यात तळाच्या दगडांवरच बर्फ धरतो, वाढतो आणि सुटून वर जाताना तारामासे, स्पंज उपटून नेतो. डोममध्ये तो बर्फ चहूबाजूंनी वर निघाला तेव्हा मुलांनी श्वास रोखले होते. खोल तळाला हा बर्फ पोचत नाही. तिथे काचेच्या सुयांचा सांगाडा असलेले स्पंज, काही माणसाएवढे उंच. एवढ्यासाठी तरी बोलवाच.

पण निवेदक सांगतो, थंडीमुळे तिथे जीव कमी. हे मला पटलं नाही, आणि मुलांच्या मनात ते तसंच राहू नये म्हणून मी फळ्यावर मॅकमर्डो साउंड ही अंटार्क्टिकाची खाडी काढली. पाणी दोन्ही बाजूंना जवळजवळ उणे 1.9 अंश. तरी पूर्वेच्या तळावर चौरस मीटरला लाखाहून जास्त बारीक जीव, आणि पश्चिमेचा तळ खोल समुद्रासारखा विरळ. डेटन आणि ऑलिव्हर या संशोधकांनी 1977 सालीच हे मांडलं. पूर्वेला खुल्या समुद्राचं, सूक्ष्म वनस्पतींनी भरलेलं पाणी येतं. पश्चिमेला येतं ते रॉस हिमस्तराखालच्या, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या थराखालच्या अंधारातून, उपाशी पाणी. शिवाय तिथला बर्फ वर्षानुवर्षं हटत नाही, उजेड अडतो. मी म्हटलं, ऊन एकच, पण पाटाखालचं शिवार आणि कोरडवाहू शिवार बघा. सगळ्यांना लगेच कळलं.

लार्सन-ए हा अंटार्क्टिकातलाच दुसरा हिमस्तर 1995 मध्ये फुटला, त्याचंही सांगितलं. वरचं झाकण गेलं, उजेड आला, अन्न खाली पडू लागलं, आणि फार सावकाश वाढणारे समजले जाणारे काच-स्पंज काही वर्षांत तिप्पट झाले.

मागच्या बाकावरची एक मुलगी, वडील चादरीच्या कारखान्यात, म्हणाली, "बाई, चादर काढली की खाली खायला मिळतं. पण चादरीलाच शेवाळ धरत असेल तर?" धरतंच. समुद्रबर्फाच्या खालच्या अंगाला तपकिरी शैवाल वाढतं आणि बर्फ वितळला की बुडतं. 2012 च्या उन्हाळ्यात आर्क्टिकमध्ये ते 4000 मीटर खोल तळावर ढिगानं पडलेलं सापडलं आणि समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीच्या आकाराचे तळावरचे प्राणी, ते खात होत्या. बर्फच उरला नाही तर ही शिदोरीही नाही. डोमच्या चित्रफितीत यातलं काहीच नाही. दादांना मी हे दोन पानांवर लिहून दिलंय.

पुढच्या वर्षी गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, संपला की जानेवारीतच बोलावणार आहोत. दोनच खेपा, दोन्ही सकाळी.