हम्प्टी डम्प्टी : सहा फ्लिपरांचे जुने यंत्र खेळायला कसे आहे?

शिकागोच्या गॉटलीब कंपनीने १९४७ साली बाजारात आणलेले ‘हम्प्टी डम्प्टी’ हे विजेवर चालणारे फ्लिपर बसवलेले पहिले पिनबॉल यंत्र म्हणून ओळखले जाते. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फलकावर चेंडू खेळवून गुण मिळवायचा खेळ, आणि फ्लिपर म्हणजे बटण दाबताच चेंडूला फटका देणारी त्यातली छोटी पाती. एका संग्राहकाने दुरुस्त करून चालू ठेवलेल्या अशा यंत्रावर मला एक दुपारभर खेळता आले, आणि या कीर्तीमुळे बांधलेल्या माझ्या बहुतेक अपेक्षा पहिल्या अर्ध्या तासातच चुकीच्या ठरल्या.

लाकडी कडांची ही पेटी दिसायला फार देखणी आहे. गुण दाखवायला आकड्यांची चक्रे नाहीत. मागच्या रंगीत काचेमागे एकेक दिवा लागतो आणि त्यावरून गुण वाचायचे. चेंडूही आपोआप पुढे येत नाही, दांडी ढकलून तो मार्गिकेत आणावा लागतो आणि मग प्लंजर ओढून सोडावा लागतो. स्प्रिंगच्या या प्लंजरचे पेटंट मॉन्टेग्यू रेडग्रेव्हने १८७१ मध्ये बगाटेल या पिनबॉलच्या पूर्वज खेळासाठी घेतले होते. इथे तो हाताला इतका नेमका लागतो की ओढ केसभर कमी-जास्त झाली तरी चेंडूची वाट बदलते.

फ्लिपरांचे मात्र तसे नाही. हॅरी मॅब्सने आखलेल्या या फलकावर ते तीन जोड्यांत, वरपासून खालपर्यंत दोन्ही कडांच्या बाजूने बसवलेले आहेत आणि त्यांची टोके आजच्यासारखी मध्याकडे नसून बाहेरच्या कडेकडे वळलेली आहेत. शिवाय त्यांच्यात जोर कमी आहे. वरच्या बंपरवरून, म्हणजे चेंडू आदळला की गुण देणाऱ्या खुंटीवरून, आलेला माझा एक चेंडू कडेने घरंगळत डावीकडच्या पहिल्या फ्लिपरवर आला. मी बटण दाबले, आतल्या विद्युतचुंबकाचा ‘खट्’ असा ठोका ऐकू आला, आणि चेंडू जेमतेम वीतभर उडून पुन्हा खाली, मधल्या जोडीकडे निघाला. खालच्या फ्लिपरने मारलेला चेंडू एका फटक्यात माथ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो पायरीपायरीने वर चढवावा लागतो. सहा फ्लिपर म्हणजे श्रीमंती, असे मला आधी वाटले होते. खेळल्यावर ती गरज असल्याचे कळले.

तरीही १९४७ च्या खेळाडूला हे यंत्र केवढे नवे वाटले असेल, याची कल्पना त्याआधीचे यंत्र खेळल्याशिवाय येत नाही. त्याच संग्रहात गॉटलीबचेच १९३१ चे ‘बॅफल बॉल’ होते, जे त्या काळी साडेसतरा डॉलरला मिळे. त्यात वीज नाही, बंपर नाहीत. एकदा चेंडू सुटला की तो खिळ्यांवर आपटत कोणत्या खळग्यात पडतो ते पाहत राहायचे, आणि फार तर पेटीला हलका धक्का द्यायचा. पुढे हॅरी विल्यम्सच्या ‘टिल्ट’ने, म्हणजे पेटी फार हलली की डाव थांबवणाऱ्या यंत्रणेने, या धक्क्यांनाही लगाम घातला. हे कौशल्य नसून नशीब आहे, या आक्षेपात अशा यंत्रांपुरते तथ्य होते, असे माझे मत झाले आहे. १९४२ मध्ये पिनबॉल जुगार ठरवून न्यूयॉर्क शहराने घातलेली बंदी मात्र फ्लिपर येऊनही टिकली आणि १९७६ मध्ये, पिनबॉलचे निष्णात खेळाडू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीसमोर चेंडू कुठे जाईल हे आधी सांगून खेळून दाखवल्यानंतर, उठली.

निव्वळ खेळाच्या आनंदासाठी निवड करायची झाली, तर मी ‘हम्प्टी डम्प्टी’ऐवजी जेन्को कंपनीचे १९४८ चे ‘ट्रिपल ॲक्शन’ घेईन. स्टीव्ह कॉर्डेकने त्यात सहांऐवजी दोनच फ्लिपर ठेवले, ते फलकाच्या तळाशी आणले आणि एकदिश विद्युतप्रवाह वापरून त्यांना चेंडू थेट वर धाडण्याइतका जोर दिला. आज फ्लिपर म्हटले की तळाची जी जोडी डोळ्यांसमोर येते, तिचे मूळ मॅब्सपेक्षा कॉर्डेककडे अधिक आहे.

‘हम्प्टी डम्प्टी’ समोर आलेच, तर चेंडू फ्लिपरच्या टोकाशी पोहोचेपर्यंत बटणाला हात लावू नये. माझे पहिले दोन डाव केवळ या घाईपायी वाया गेले. तिसऱ्यात एक चेंडू तळापासून वरच्या जोडीपर्यंत तीन टप्प्यांत चढवता आला, आणि त्यासाठी ती दुपार खर्ची पडल्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.