रॉब रॉय वे चालून आलो, बेळगावकरांनी जरूर जावं

लेकीकडं ग्लासगोला गेलो होतो, तिथनं जावयांसोबत स्कॉटलंडमधला हा पायी चालायचा ट्रेल केला. ड्रायमेन ते पिटलॉक्री, 79 मैल म्हणजे साधारण 127 किमी, आम्हाला सात दिवस लागले. ज्याच्या नावानं ही वाट आहे तो रॉब रॉय मॅकग्रेगर (1671-1734) गुरांचा व्यापारी, गुरं पळवायचा आणि राखणीचे पैसेपण घ्यायचा. बाल्क्विडरला त्याची कबर आहे, त्यावर "त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर" अशा अर्थाचं कोरलंय, कारण 1603 ला मॅकग्रेगर या आडनावावरच बंदी घातलेली. वाचून अंगावर काटा आला बघा. आपल्याकडं देवळापुढं वीरगळ असतात की, काहींवर खालच्या पट्टीत गाईंची रांग, गुरं सोडवताना पडलेल्याचा दगड. मला तेच आठवत राहिलं, कठड्याजवळ बसून घरनं नेलेला कुंदा खाल्ला.

कॅलँडरच्या पुढं बरीच वाट जुन्या रेल्वेलाइनवरनं जाते, चढ कमी, गुडघेवाल्यांना जमतंय. किलिनला डोकार्टचा धबधबा पुलाखालनंच खळाळत जातो. डांबरी रस्ता मात्र जास्त आहे, तळपाय भाजतात, जाड सोलचे बूट घ्या. सामान पोचवणाऱ्यांनी एकदा बॅग रात्री नऊला दिली, ओल्या कपड्यात बसलो. जुलैत बारीक चिलटं फार चावतात, मे मध्ये जावा.