गांजाच्या केससाठी घेतलेल्या वकिलाचा अनुभव (पेनसिल्व्हेनिया, मेडिकल कार्ड असूनही)

चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते खाली येईलच. केस माझ्या धाकट्या दिराची, 2023 मधली. पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी त्याच्याकडे रीतसर मेडिकल मारिजुआना कार्ड होतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट, राज्याची 50 डॉलर फी, सगळं भरलेलं. फिलाडेल्फियाच्या बाहेर रात्री टेललाइट गेलाय म्हणून पोलिसाने गाडी थांबवली, खिडकी खाली केली तसा वास आला, आणि सकाळपर्यंत तीन चार्ज लागले होते: थोड्या प्रमाणात गांजा बाळगणं, गांजा बारीक करायचा ग्राइंडर सापडला म्हणून पॅराफर्नेलिया (म्हणजे नशेचं साहित्य बाळगणं), आणि डीयूआय, म्हणजे नशेत गाडी चालवणं.

आधी आम्ही एका मोठ्या जाहिरातवाल्या फर्मकडे गेलो, नाव घेत नाही. तिथल्या माणसाने फाइल उलटसुलट केली आणि म्हणाला अहो किरकोळ आहे, पझेशनला, म्हणजे गांजा बाळगण्याच्या चार्जला, गिल्टी म्हणून टाका, जास्तीत जास्त 500 डॉलर दंड आणि कागदावर 30 दिवस जेल, ते कोणी देत नाही, मोकळे व्हाल. दीर तर सही करायलाच निघाला होता, नवऱ्याने हात धरला म्हणून बरं. दीर ग्रीन कार्डवर आहे हे त्या माणसाने विचारलंसुद्धा नाही!

दुसऱ्या म्हणजे या ऑफिसच्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला, सिटिझन आहेस का. मग पंधरा-वीस मिनिटं केस बाजूला ठेवून फक्त त्यावर बोलल्या. इमिग्रेशन फेडरल कायद्याने चालतं आणि तो राज्याचं कार्ड बघत नाही. 30 ग्रॅमपर्यंत स्वतःच्या वापरासाठी एकदाच सापडलं तर डिपोर्टेशनमधून सूट आहे, पण ती फक्त देशातून काढण्यापुरती. ग्रीन कार्डवाला पझेशनची कन्व्हिक्शन (दोषी ठरल्याची नोंद) घेऊन भारतात जाऊन परत आला तर एअरपोर्टवर त्याला नव्याने प्रवेश मागणारा माणूस धरू शकतात, आणि तिथे ती सूट आपोआप लागत नाही, वेगळा वेव्हर, म्हणजे माफी, मागावी लागते. म्हणजे दंड भरून 'मोकळा' झालेला माणूस दिवाळीला घरी गेला की अडकला. सिटिझनशिपचंही तेच, 2019 पासून यूएससीआयएसचं (सिटिझनशिप देणाऱ्या इमिग्रेशन खात्याचं) धोरण लेखी आहे की राज्यात कायदेशीर असलं तरी मारिजुआनाचा वापर 'गुड मॉरल कॅरेक्टर'च्या आड येऊ शकतो, त्यामुळे तिथे वकिलाला विचारल्याशिवाय काहीही कबूल करू नका असं त्यांनी बजावलं. शिवाय 2010 च्या पडिला केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गिल्टी प्लीमुळे, म्हणजे गुन्हा कबूल केल्यामुळे, डिपोर्टेशनचा धोका असेल तर तो क्लायंटला सांगणं हे क्रिमिनल वकिलाचं कामच आहे. आता विचार करा आधीच्या फर्मने काय केलं.

मग केसकडे वळल्या. 2016 च्या अॅक्ट 16 मध्ये, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या मेडिकल मारिजुआना कायद्यात, एक ओळ आहे जी आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती, न वापरलेला माल डिस्पेन्सरीने (मेडिकल गांजा विकणाऱ्या दुकानाने) दिला त्याच पॅकिंगमध्ये ठेवायचा आणि जवळ माल असेल तेव्हा कार्डही जवळ हवं. कार्ड पाकिटात होतं. पण आमच्या दिराने बरणीतून थोडं काढून एका छोट्या स्टीलच्या डबीत भरलं होतं, कारण काय तर बरणी खिशात मावत नाही! पोलिसाच्या रिपोर्टमध्ये 'लेबल नसलेला धातूचा डबा' असं लिहून आलं. बाईंनी घरची बरणी मागवली, तळाशी थोडा चुरा होता, बाहेर चिकटवलेल्या लेबलवर दिराचं नाव, तारीख, बॅच नंबर. बरणीचा चारी बाजूंनी फोटो काढला, डिस्पेन्सरीच्या पावतीशी बॅच नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवला, आणि विकत घेतलेलं वजन वजा सापडलेलं वजन हा हिशोबसुद्धा कागदावर मांडला. दोघं नवरा-बायको आम्ही नुसते बघत बसलो.

वासाचा मुद्दाही त्यांनी लगेच पकडला. 2021 च्या शेवटी पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने बार नावाच्या केसमध्ये म्हटलंय की नुसत्या वासावरून वॉरंटशिवाय गाडीची झडती घेता येत नाही, कारण वास कार्डवाल्याचाही असू शकतो. वास हा बाकीच्या गोष्टींबरोबर एक कारण धरता येतो, एकटा पुरत नाही. म्हणून त्यांनी डॅशकॅमचं फुटेज मागवलं, त्यात दीर स्पष्ट बोलतोय, पाय लटपटत नाहीत, आणि पोलिस कार्ड हातात घेऊन बघून परत देतोय. प्रिलिमिनरी हिअरिंगला (पहिल्या सुनावणीला) मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजसमोर, म्हणजे खालच्या कोर्टात, जायच्या आधी त्यांनी हे सगळं प्रॉसिक्युटरला (सरकारी वकिलाला) बाजूला घेऊन दाखवलं आणि पझेशन व पॅराफर्नेलिया दोन्ही चार्ज तिथेच मागे घेतले गेले.

डीयूआय मात्र राहिला, आणि यात बाईंनी उगाच आशा दाखवली नाही हे मला फार आवडलं. पेनसिल्व्हेनियात मारिजुआना राज्याच्याच ड्रग कायद्यात शेड्यूल वनमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक बंदीच्या यादीत, आहे, आणि डीयूआयच्या कायद्याप्रमाणे शेड्यूल वनचा कितीही कमी अंश, अगदी शरीराने पचवून उरलेला मेटाबोलाइटसुद्धा, रक्तात सापडला की गुन्हा. गाडी नीट चालवत होता की नाही हा प्रश्नच येत नाही. मेडिकल कार्ड हा बचाव होत नाही. रोज औषध घेणाऱ्याच्या रक्तात ते असणारच ना, मग एक हात परवानगी देतो आणि दुसरा हात पकडतो, हा काय प्रकार आहे मला अजून कळलेलं नाही. 2016 च्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या बर्चफिल्ड केसनंतर रक्त घ्यायला वॉरंट किंवा संमती लागते, पण आमच्या सज्जन माणसाने 'शुअर ऑफिसर' म्हणून बाही वर केली होती. दोषी ठरला असता तर पहिल्याच वेळी किमान तीन दिवस जेल, किमान 1000 डॉलर दंड आणि वर्षभर लायसन्स बंद.

पर्याय होते दोन, झडतीवर ऑम्निबस मोशन (खटल्याआधीचा अर्ज) टाकून लढायचं नाहीतर एआरडी घ्यायचं. एआरडी म्हणजे पहिल्यांदा पकडलेल्यांसाठीचा प्रोग्रॅम, त्यात गिल्टी म्हणावं लागत नाही आणि इमिग्रेशनच्या दृष्टीने तेच सोनं. तरी बाई स्वतःच्या मतावर थांबल्या नाहीत, ओळखीच्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी मत आणलं, मग सही. लायसन्स 60 दिवस गेलं, काही महिने प्रोबेशन, आणि अल्कोहोल हायवे सेफ्टी स्कूल. ज्याने आयुष्यात बिअरची बाटली उघडली नाही तो दर आठवड्याला दारूवरचे व्हिडिओ बघून येत होता, घरात सगळ्यांना तेवढीच करमणूक. पूर्ण झाल्यावर रेकॉर्ड एक्स्पंज करायचा, म्हणजे पुसून टाकायचा, अर्जही याच ऑफिसने केला.

आता पाचवा स्टार. फी फ्लॅट सांगितली होती, पण एक्स्पंजमेंटचे आणि इमिग्रेशनच्या पत्राचे पैसे वेगळे, हे आधी स्पष्ट बोललं गेलं नाही. बिल आल्यावर भांडावं लागलं नाही पण चिडचिड झालीच. फोन बाई स्वतः क्वचित उचलतात, पॅरालीगल (त्यांची मदतनीस) उचलते, ती गोड आहे पण 'आय विल चेक' याच्या पलीकडे जात नाही, हिअरिंगच्या आदल्या दिवशी तर संध्याकाळपर्यंत कोणाचाच पत्ता नव्हता आणि आमच्या सासूबाईंनी देव पाण्यात ठेवायचे बाकी ठेवले होते. ईमेल केलात तर मात्र उत्तर नक्की येतं, आणि मुद्देसूद येतं.

ज्यांना यांच्याकडे जायचंय त्यांनी पहिल्या भेटीला कार्ड, डिस्पेन्सरीच्या पावत्या, मूळ बरण्या रिकाम्या असल्या तरी, आणि इमिग्रेशनचे सगळे कागद घेऊन जा, फी विचारताना एक्स्पंजमेंट धरून किती ते लिहून घ्या. न्यू जर्सीत दुकानातून उघड विकत मिळतं म्हणून पूल ओलांडून आणलेलं असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगून टाका, ते मेडिकल कार्डाखाली येत नाही आणि बाईंना नंतर कळलं तर त्या चांगल्याच सुनावतात, बाहेर खुर्चीवर बसून आम्ही एकदा ऐकलंय. पार्किंग समोरच्या रस्त्यावर करा, बिल्डिंगच्या मागे लावलेली गाडी टो करतात.