‘आठसौ तो मॉडल का नाम है’

आमची वहिनी घरूनच माहेश्वरी साड्या विकते आणि फोटोंचं काम माझ्याकडे असतं. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. घडी घातलेली साडी, शेजारी आजीचा चांदीचा करंडा, मागे पांढरा कार्डपेपर, एवढ्यावर आमचं भागत होतं. गेल्या पावसाळ्यात मात्र दुपारी तीनलाच अंधारून यायचं आणि ऑर्डरी अडकायच्या, म्हणून मी दिवे घ्यायला निघाले.

राजवाड्याजवळच्या एका दुकानात ‘प्रो ८००’ नावाच्या एलईडी दिव्यांची जोडी स्टँड आणि उजेड पसरवणाऱ्या सॉफ्टबॉक्ससकट ९,५०० रुपयांना मिळाली. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरापैकी आकडा) ९५, ५६०० केल्विन म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड, सगळं झोकात छापलेलं. दुकानदार म्हणाला, “आठसौ वॉट है दीदी, शादी का हॉल चमक जाएगा.” बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वेगळा लागेल. मीही गप्प बसले, चार पैसे वाचत होते ना! गॅरंटी त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे पेनाने लिहून दिली.

पंधरा दिवसांत पुण्याहून एक साडी परत आली. फोटोत विटकरी दिसत होती, हातात पडली ती डाळिंबी. आधी आम्ही त्या बाईंच्या मोबाइललाच दोष दिला. मग माझं लक्ष करंड्याकडे गेलं. फोटोत त्यातलं कुंकू वाळलेल्या मेंदीसारखं तपकिरी दिसत होतं आणि चांदीवर हिरवट झाक होती. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं काय ते कॅमेऱ्याला दाखवणं, पुन्हापुन्हा लावला. कागद पांढरा येई, कुंकू काही लाल होईना. दिव्यातूनच लाल प्रकाश पुरेसा निघत नसेल तर कॅमेरा तो आणणार कुठून? सीआरआय ही आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असते. गडद लाल, म्हणजे आर-९, त्यात धरलेलाच नसतो, हे मला तेव्हा कळलं. आमच्या खोक्यावरचे ९५ तरी खरे होते की नाही, देव जाणे.

तेव्हा वॅटचाही संशय आला. अडॅप्टर लॅपटॉपच्या अडॅप्टरपेक्षा लहान. त्यावर २४ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेलं. गुणाकार केला तर जेमतेम ४८ वॅट. तरी खात्री करावी म्हणून फ्रिज, इन्व्हर्टर, पंखे, सगळं बंद केलं, एकच दिवा पूर्ण उजेडावर ठेवला आणि जिन्यातल्या मीटरसमोर घड्याळ घेऊन बसले. मीटरवर ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ लिहिलं होतं, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लाल ठिपका लुकलुकणार. ८०० वॅटच्या दिव्याला तो दर दीड सेकंदाच्या आतच लुकलुकायला हवा. आमचा पंचवीस सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. हिशेब ४५ वॅटचा आला.

दुकानात गेले. तो हसून म्हणाला, “आठसौ तो मॉडल का नाम है.” परत घ्यायचं म्हटलं तर सील तुटलंय. बिल नाही, त्यामुळे ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावला तेव्हा हातात यूपीआयच्या नोंदीखेरीज काहीच नव्हतं. पैसे अजून आलेले नाहीत.

जास्त राग माझा मलाच आला, कारण ८०० वॅट मला हवेच कशाला होते? साडी काही पळून जात नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, भिंगाचं छिद्र लहान म्हणजे एफ-११ आणि शटर एक सेकंद उघडं ठेवलं तर साधा दिवाही पुरतो. चांदीसाठी तर उजेड कमी पण पसरट हवा: दिव्यापुढे बटर पेपर, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पाटी. नाहीतर करंड्यावर दिव्याचा चट्टा पडतो आणि नक्षी दिसत नाही. लग्नाच्या हॉलच्या गोष्टीला भुलून मी वॅट विकत घेतले, रंग विचारलाच नाही.

नवा दिवा एकच घेतला, ६० वॅटचा, आर-९ चा आकडा वेगळा छापलेला, पक्क्या बिलासकट. पैसे देण्याआधी पर्समधून करंडा काढला, कुंकवाचा एक फोटो दुकानाबाहेर सावलीत घेतला, एक त्या दिव्याखाली, दोन्ही वेळा पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स लावून. मग उजेड कमी करून दिवा फडफडतो का हे कळावं म्हणून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पट्टे दिसतात का तेही पाहिलं. नवा दुकानदार करंड्याकडे बघत म्हणाला, “दीदी, पूजा पहले यहीं करोगी क्या?”