कडक बोर्ड घेताय, पण कडक कुठे? व्हिसलरमधल्या ४३ दिवसांनंतर

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतलेला हा फ्रीराइड स्नोबोर्ड (मोकळ्या, न सपाट केलेल्या डोंगरउतारांसाठीचा) एप्रिल संपेपर्यंत ४३ दिवस वापरला, जवळजवळ सगळा कॅनडातल्या व्हिसलर आणि ब्लॅककोम्ब या जोडडोंगरांवर. लांबी १६२ सेंटिमीटर, कंबरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागाची, रुंदी २६० मिलिमीटर. पायांमध्ये कॅम्बर (मध्ये वर उचललेली कमान), पुढच्या टोकाला म्हणजे नोजला रॉकर (वर वळलेला बाक), शेपूट नोजपेक्षा थोडी अरुंद, आणि कडकपणा कंपनीच्या हिशेबाने दहापैकी नऊ. माझं वजन ८० किलो, बूट साडेअठ्ठावीसचे. कंपनीचं नाव लिहीत नाही. या घडणीचे बोर्ड बऱ्याच कंपन्या काढतात आणि मला सांगायचंय ते घडणीबद्दल.

आधीचा बोर्ड १५७ चा, मध्यम लवचीक, पायांमध्ये रॉकर असलेला. झाडांत आणि ताज्या पावडरमध्ये, म्हणजे भुसभुशीत बर्फात, त्याच्याइतका आनंद अजून कशात मिळालेला नाही. पण गेल्या वर्षी फेब्रुवारीत ब्लॅककोम्बच्या कुलॉर एक्स्ट्रीममध्ये, म्हणजे दगडांमधल्या अरुंद उभ्या घळीत, शिरलो. दोन दिवस आधी वरपर्यंत पाऊस झाला होता आणि मग सगळं गोठलं होतं. तिसऱ्याच हील साइड टर्नला (टाचेकडच्या धारेवरच्या वळणाला) धार सुटली आणि मी पाठीवर घसरत साठ-सत्तर मीटर खाली गेलो. लागलं काही नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. चूक माझी होतीच, तरी धार कशी सुटली ते पायांना नीट कळलं होतं. मी टाचेवर जोर दिला तेव्हा बोर्ड मधोमध पिळला गेला. पायाखालची धार बर्फात होती, पण नोज आणि शेपटीकडची धार बर्फाला टेकलीच नव्हती.

म्हणून यंदा दुकानात गेलो तो ‘कडक हवा’ एवढं एकच घोकत. आज तेवढ्यावर कुणालाही बोर्ड घेऊ देणार नाही. दुकानात आपण बोर्ड उभा धरतो, मध्ये तळहात ठेवून दाबतो आणि मान डोलावतो. त्यातून फक्त लांबीतली लवचीकता कळते, तीही मधली. उभ्या उतारावर जीव सांभाळते ती पीळ न खाण्याची ताकद. ती बघायची तर शेपूट जमिनीवर टेकवून दोन पायांत घट्ट धरा आणि नोज दोन्ही हातांनी पिळून बघा. दहापैकी नऊ लिहिलेले तीन बोर्ड मी असे पिळून पाहिले, तिघेही वेगळे निघाले. एकाचा नऊ दुसऱ्याचा सात असतो, कारण हा आकडा मोजायचं सगळ्यांचं मिळून एक माप नाही. माझ्या बोर्डची शेपूट आणि मधला भाग खूप कडक आहे, नोज मात्र त्या मानाने नरम. हे मला सुरुवातीला खटकलं होतं. जानेवारीत त्याचं मोल कळलं.

पहिले सात दिवस वाईट गेले. बर्फ पातळ होता, वरचे बाऊल (वाडग्यासारखे खोलगट उतार) उघडले नव्हते आणि ग्रूम केलेल्या, म्हणजे यंत्राने सपाट केलेल्या, गर्दीच्या उतारांवर हा बोर्ड नुसता लाकडी फळीसारखा वागत होता. कमी वेगात तो वाकत नाही, आणि वाकला नाही तर वळतही नाही. मागच्या पायाने शेपूट ढकलून टर्न उरकायची माझी जुनी सवय त्याने एका दिवसात उघडी पाडली. प्रत्येक टर्न पुढच्या पायावर वजन नेऊन, उताराच्या दिशेने झेपावूनच सुरू करावी लागते. बाइंडिंगचे (बूट बोर्डला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या साच्याचे) कोन आधी पुढे अधिक १५, मागे उणे १५ असे होते. ते अधिक २४ आणि उणे ३ केले, पायांतलं अंतर ५८ वरून ५६ सेंटिमीटरवर आणलं. शिवाय कारखान्यातून येणारी धार नोजच्या टोकापर्यंत तितकीच तीक्ष्ण असते आणि तिथे ती नकळत बर्फात अडकते. नोज आणि शेपूट जिथे बर्फावरून उचलली जाते, त्याच्या पलीकडची धार मी कानशीने बोथट केली. आठव्या दिवशी गुडघ्यांची कटकट थांबली.

बुटांबद्दल इथेच सांगतो, कारण त्यात माझा एक महिना गेला. जुने नरम बूट आणि मध्यम बाइंडिंग तसेच ठेवले होते. घोटा वाकायचा, बूट चुरगळायचा, आणि जोर बोर्डपर्यंत पोचायचाच नाही. जानेवारीत कडक बूट आणि ताठ हायबॅकची (पोटरीमागच्या आधाराची) बाइंडिंग घेतली तेव्हा कुठे मी खरा बोर्ड चालवायला लागलो. खिशात एकाच खरेदीपुरते पैसे असतील तर आधी बूट घ्या.

प्रशांत महासागर इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे इथला बर्फ जड आणि ओलसर असतो. गाव ६७५ मीटरवर, व्हिसलरचं शिखर २,१८२ मीटरवर. खाली पाऊस, मध्ये चिखलासारखा बर्फ, वर वाऱ्याने थापलेला, आणि शिखराशी दगडांवर राइमचा, म्हणजे गोठलेल्या धुक्याचा, पांढरा कवचासारखा थर, हे सगळं एकाच फेरीत भेटतं. सकाळी नऊला पावडर असलेला व्हिसलर बाऊल अकरापर्यंत तुडवून नांगरलेल्या शेतासारखा होतो. माझ्या मते कडक बोर्डचा कस पावडरमध्ये लागत नाही, या नांगरलेल्या शेतात लागतो. जुन्या बोर्डवर इथे प्रत्येक ढेकूळ गुडघ्यात ठणकायचं आणि मी वेग कमी करत जायचो. हा बोर्ड ढेकळं फोडत जातो. नरम नोज आधी वर चढते, मागचा कडक भाग हलत नाही, आणि धारेलगतचे रबराचे थर थरथर गिळतात. केवळ कार्बन भरून कडक केलेला एक बोर्ड मी एक दिवस भाड्याने घेतला होता. तो हलका आणि चपळ होता, पण खडबडीत बर्फावर दात वाजायचे. तेव्हापासून मी ‘कडक’ आणि ‘शांत’ हे दोन वेगळे गुण मानतो आणि दोन्ही मागतो.

माझ्यासाठी बोर्डचा निकाल लागला तो फेब्रुवारीच्या शेवटी, स्पँकीज लॅडरच्या पलीकडे. ग्लेशियर एक्सप्रेस या लिफ्टने वर जायचं, बोर्ड हातात घेऊन पायऱ्यांसारख्या पावलांनी थोडं चढायचं, आणि पलीकडे गार्नेट, डायमंड, रूबी, सॅफायर असे रत्नांच्या नावांचे बाऊल उघडतात. रूबीत शिरताना बर्फ वाऱ्याने थापून कडक झाला होता. पहिली टर्न हील साइडचीच. मला तो कुलॉर आठवला आणि पोटात गोळा आला. टाचेवर जोर दिला. नोजपासून शेपटीपर्यंत अख्खी धार एका रेषेत बर्फात रुतली आणि रुतलेलीच राहिली. खाली दोन वळणांनंतर बर्फ मऊ झाला तेव्हा मी ओरडलो, इतका आनंद झाला होता. मग खालचा ब्लॅककोम्ब ग्लेशियर रोड येतो, लांबलचक आणि जवळजवळ सपाट. स्नोबोर्डवाल्यांना तिथे एक पाय काढून ढकलत जावं लागतं. सिंटर्ड बेसला (वॅक्स शोषून घेणाऱ्या तळाला) नीट वॅक्स असेल तर हा बोर्ड तिथेही न थांबता निघतो.

आता जिथे तो कमी पडतो ते. दाट झाडांत तो मला नको असतो. चटकन वळायला वेग लागतो आणि झाडांत वेग नको असतो. मोगलमध्ये, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांच्या रांगांत, मांड्या भरून येतात. उलट पायाने जाणं जमतं, पण अरुंद शेपूट पुढे असते हे सतत जाणवतं. दमल्यावर वजन मागे गेलं की तो माफ करत नाही, शेपूट तुम्हाला फेकते. दुपारी दोननंतर मी मोठ्या उतारांवर जात नाही, हा नियम मी याच बोर्डमुळे केला.

वजनाचा मुद्दा फार महत्त्वाचा. माझी बायको माझ्यापेक्षा चांगली चालवते, वजन ५४ किलो. तिने याच मॉडेलचा तिच्या मापाचा, १५२ चा बोर्ड दोन दिवस चालवला आणि परत केला. ती म्हणाली, “मला हा वाकवताच येत नाही, हाच मला नेतो.” तिच्यासाठी कंपनीच्या आकड्यात सहा असलेला दुसरा बोर्ड माझ्या नऊइतका कडक ठरला. तेव्हा दुसऱ्याचा अनुभव वाचताना, माझाही, आधी त्याचं वजन बघा. आणि रुंदी. बूट मोठा आणि कंबर अरुंद असेल तर उभ्या उतारावर बुटाचं टोक बर्फाला घासतं आणि धार उचलली जाते. मग कडकपणा कितीही असो, काही उपयोग नाही.

टिकाऊपणाबद्दल समाधानी आहे. डिसेंबरात एका लपलेल्या दगडाने बेस लाकडापर्यंत फाडला. तो तुकडा दुकानातून बसवून घेतला, पाच महिने हलला नाही. नोजवर रंगाचे टवके उडालेत. वॅक्स दर तीन दिवसांनी करतो, कंटाळा केला की धारेलगत बेस पांढरा पडतो. सपाट फरशीवर ठेवलं की मधली फट जवळपास नव्यासारखीच दिसते, म्हणजे कॅम्बर बसलेला नाही.

पुढच्या जानेवारीत गुलमर्गला जायचं ठरलंय. तिथला गोंडोला अफरवटवर ३,९०० मीटरच्या वर नेतो. वरचे उघडे उतार या बोर्डसाठीच आहेत, बाइंडिंग एक भोक मागे घेतली की झालं. पण खाली तंगमर्गकडे उतरताना जंगल लागतं. जुना १५७ विकायला काढला होता, ती जाहिरात काल मागे घेतली.