शिएगू जी-९०: गोव्याच्या सड्यांवर आणि डोंगरमाथ्यांवर २० मीटर बँडसाठी कसा आहे?

डोंगरावर नेऊन शॉर्टवेव्हवर (इथे २० मीटर बँडवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या आसपास) बोलायला पहिला हौशी (हॅम) रेडिओ कोणता घ्यावा, असं गोव्यातल्या कुणी विचारलं तर शिएगू जी-९० घ्या, असं बिनदिक्कत सांगता येतं. २० वॅट पॉवर आणि आतच बसवलेला ऑटोमॅटिक ट्यूनर (अँटेनाची तार रेडिओला जुळवून देणारा भाग), या दोन गोष्टी एका संचात या वर्गात सहसा मिळत नाहीत. मात्र काही उणिवा अशा आहेत, की त्या आधी ठाऊक नसतील तर माथ्यावरची दुपार फुकट जाईल.

आधी पॉवरचं बघू. ५ वॅटवरून २० वॅटवर गेलं की ६ डेसिबल वाढतात, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल-मीटरवर एक एस-युनिट (एक घर). मोर्सवर हा फरक फारसा जाणवत नाही, तिथे ५ वॅटही पुरतात. पण एसएसबीवर, म्हणजे आवाजाने बोलण्याच्या मोडवर, समोरच्या शहरी स्टेशनाच्या गोंगाटात तुमचा आवाज जेमतेम वर येत असतो, तेव्हा हेच ६ डेसिबल कामाला येतात. कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) तीनदा सांगावं लागत होतं, ते एकदा सांगून भागतं. आयकॉमचा आयसी-७०५ हलका आहे, बॅटरीसह सुमारे १.१ किलो, आणि त्यात व्हीएचएफ-यूएचएफही आहे. पण स्वतःच्या बॅटरीवर तो ५ वॅट देतो, बाहेरून १३.८ व्होल्ट दिले तर १०, आणि ट्यूनर वेगळा घ्यावा लागतो. जी-९० चं वजन सुमारे १.६ किलो, त्यावर बॅटरी. चंद्रनाथच्या डोंगरावर किंवा चोर्ला घाटाच्या बाजूला गाडी बरीच वर जाते, तिथे हे वजन खुपत नाही. सत्तरी-सांग्यातल्या लांब चढणीला मात्र पाठीवर नक्की जाणवेल.

बॅटरी निवडताना सर्वात जास्त चुका होतात. जी-९० ला १०.५ ते १६.५ व्होल्ट लागतात. लिथियम-आयनच्या तीन सेलचा पॅक भरलेला असताना १२.६ व्होल्ट असतो, पण उतरत उतरत १०.५ च्या खाली जातो, म्हणजे चार्ज शिल्लक असतानाच रेडिओ बंद पडतो. चार सेलचा पॅक पूर्ण भरला की १६.८ व्होल्ट, ही तर वरची मर्यादाच ओलांडली. म्हणून चार सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक घ्यावा. तो बहुतेक वेळ १३ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. नुसतं ऐकताना रेडिओ साधारण अर्धा अँपिअर खेचतो. बोलताना शिखराला कित्येक अँपिअर जातात, पण एसएसबीची सरासरी दोनच्या आसपास धरा. एक भाग बोलणं आणि चार भाग ऐकणं असा हिशोब केला तर तीन तासांना अडीच ते तीन अँपिअर-तास लागतात. ६ अँपिअर-तासांचा पॅक पुरून उरतो. वायर जाड घ्या. ०.७५ चौरस मिलिमीटरची दीड मीटर जोडवायर ५ अँपिअरला एक तृतीयांश व्होल्ट खाऊन टाकते. बॅटरीच्या धन टोकालगत १० अँपिअरचा फ्यूज हवाच, आणि सुटे फ्यूज सोबत.

आता ट्यूनर, या रेडिओचा खरा दागिना. गोव्याच्या माथ्यांवर तो का लागतो, ते जमीन सांगते. सडा म्हणजे जांभ्याचा सपाट पठारी माथा. त्यात खुंट्या शिरत नाहीत, झाडं नाहीत, असतील ती कारवीची आणि करवंदाची झुडपं. तार जिथे जमेल तिथे ओढावी लागते, दगडांना बांधावी लागते, आणि ठरवलेला आकार क्वचितच मिळतो. जी-९० चा ट्यूनर अशी वेडीवाकडी तारही जुळवून घेतो. ९:१ ट्रान्सफॉर्मर आणि साडेबारा मीटर तार एवढ्यावर तो ४० पासून १० मीटरपर्यंतचे बँड काही सेकंदांत बसवतो.

पण ट्यूनर रेडिओला समाधान देतो, तारेला नाही. जुळणीतला बिघाड कोॲक्सच्या (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलच्या) पलीकडे असेल तर कोॲक्समधला तोटा तसाच राहतो. त्यामुळे शक्यतो तार आपल्या मापाची ठेवावी आणि ट्यूनर फक्त कसर भरून काढायला. २० मीटरसाठी उलट्या व्ही आकाराचा डायपोल (मधोमध जोडलेली दोन हातांची तार) सर्वात कमी त्रासाचा. १४.२ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक हात साधारण ५.०५ मीटर. कापताना दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त ठेवा आणि टोकाला दुमडून कमी करत जा. मधला आधार म्हणून ७ मीटरची, एकात एक सरकणारी फायबरग्लासची काठी, कार्बन फायबरची अजिबात नको. टोकं जमिनीपासून साडेतीन मीटरवर आली की दोन हातांमधला कोन साधारण ९० अंशांचा होतो. प्रत्येक टोकाला पाच मीटर नायलॉन दोरी, आणि ती जांभ्याच्या मोठ्या दगडाला गुंडाळून. काठीचा बुंधाही तीन दोऱ्यांनी दगडांनाच बांधायचा, कारण दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ती वाकते.

तार चढली की ट्यूनर बंद करून रेडिओतली एसडब्ल्यूआर (तार किती जुळली आहे ते सांगणारं माप) तपासणी चालवा. आलेखात तळ १४.० च्या खाली दिसला तर तार लांब आहे, १४.३५ च्या वर दिसला तर आखूड. ४० मीटरही हवा असेल तर प्रत्येक हाताला आणखी पाच मीटर क्लिपने जोडता येतात. त्या वेळी टोकं पसरट ओढावी लागतात आणि माणसाच्या डोक्यापेक्षा वर ठेवावी लागतात, ट्रान्समिट करताना टोकाला व्होल्टेज मोठं असतं.

एका टोकाने जोडायची अर्धी तरंगलांबी तार घेऊन जाणारेही पुष्कळ आहेत. ४९:१ ट्रान्सफॉर्मर, एफटी-१४०-४३ कड्यावर २ आणि १४ वेढे, प्राथमिकवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, आणि सुमारे २० मीटर तार. उभारायला सोपी आणि ४०, २०, १५, १० वर चालते. फक्त कोॲक्सच्या बाहेरच्या कवचावरून आरएफ (रेडिओलहरींची ऊर्जा) परत रेडिओपर्यंत येतं, आणि जी-९० च्या माईकमध्ये शिरून आवाज फाटतो. समोरचा ‘ऑडिओ घोगरा आहे’ म्हणाला तर माईक गेन कमी करत बसू नका. कोॲक्सचे आठ-दहा वेढे रेडिओच्या जवळ मोठ्या फेराइट कड्यावर घ्या, आवाज साफ होतो.

सड्यावर जमिनीवर रेडियल तारा पसरून व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना, लावण्याचा मोह टाळा. वाळलेला जांभा विजेचा वाईट वाहक आहे, पॉवर तिथेच जिरते. हीच व्हर्टिकल काबो द रामाच्या कड्याजवळ, खाऱ्या पाण्याच्या बाजूला लावली तर मात्र पश्चिमेकडे अतिशय खालच्या कोनात सिग्नल जातो, आणि तिथे ती डायपोलला मागे टाकते. उतारावरच्या आडव्या तारेलाही असाच फायदा मिळतो. पुढची जमीन खाली झुकलेली असल्यामुळे विकिरणाचा कोन खाली येतो आणि ७ मीटरची काठी प्रत्यक्षाहून उंच असल्यासारखी वागते. शिवाय घरातल्या इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांचा गोंगाट माथ्यावर नसतो. एवढ्यासाठी मोबाइल टॉवरच्या आणि सौर पॅनेलच्या शेजारी बसू नये.

वेळ दुपारी चारनंतरची. २० मीटर तेव्हा युरोपकडे उघडतो आणि अंधार पडल्यावरही चालतो. उतरायचं असेल तर सूर्यास्तापर्यंतचे दोन-अडीच तास हाती असतात. सकाळी पूर्व आशिया ऐकू येतो. ४० मीटर दिवसा मुंबई, पुणे, बेंगळुरूसाठी ठेवा.

आता उणिवा. पडदा १.८ इंचांचा आहे. घरात धबधबा-दर्शक (बँडवरच्या सिग्नलांचं सरकतं चित्र) सुंदर दिसतो, जांभ्यावरच्या मार्चच्या उन्हात जवळजवळ काहीच दिसत नाही. पुढचा भाग सुटा होतो हे इथे उपयोगी पडतं. जोडकेबल लावून मुख्य भाग सावलीत ठेवा, पुढचा भाग मांडीवर घ्या, वर छत्री. रेडिओला पंखा नाही, अॅल्युमिनियमचं अंगच उष्णता टाकतं. तो तापलेल्या दगडावर ठेवू नका, वाऱ्यात उभा धरा. एफटी-८ सारख्या, संगणकावरून चालणाऱ्या सलग मोडला १० वॅटच्या वर जाऊ नये. आणि त्यासाठी आत साऊंडकार्ड नाही, बाहेरचा इंटरफेस वेगळा घ्यावा लागतो. खाऱ्या हवेत अँटेनाच्या प्लगवर गंज चढतो, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी ढग जमले, आणि ४० मीटरवर कडकड वाढली, की काठी खाली घ्यायची आणि सडा सोडायचा. मोकळ्या सड्यावर सर्वात उंच गोष्ट तुमची काठी असते.

कागदपत्रांबाबत तडजोड नको. भारतात ट्रान्समीटर बाळगायलाही परवाना लागतो. घराबाहेरून स्टेशन चालवण्याच्या अटी परवान्यात आधी वाचा. भगवान महावीर आणि नेत्रावळी अभयारण्यांत वनखात्याची परवानगी घ्या, चंद्रनाथसारख्या ठिकाणी देवस्थानाला विचारा, आणि दाबोळीच्या आयएनएस हंसा तळाच्या जवळपास तारा-काठ्या उभारू नका.

केवळ मोर्सवर काम करणाऱ्याने आणि लांब ट्रेक करणाऱ्याने पाच वॅटचा हलका संच घ्यावा. व्हीएचएफही हवा असेल तर आयसी-७०५, आणि त्यासाठी बरेच जास्त पैसे. बाकी ज्याला आवाजावर बोलायचं आहे आणि गाडीतून अर्धा डोंगर चढायचा आहे, त्याच्यासाठी जी-९०, सहा अँपिअर-तासांची फॉस्फेट बॅटरी आणि दहा मीटर तार.