नंबरावर बसलेला शिक्का: नोटांच्या अल्बमचा आठ महिन्यांचा अनुभव

अल्बम साधाच आहे. रिंगवाला, पानावर तीन आडवे कप्पे, प्रत्येक कप्प्यात सरकवायला एक काळी पट्टी. पट्टीच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला दुसरी, अशा पानाला सहा नोटा. आठ महिने वापरलाय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

आधी प्लास्टिकबद्दल, कारण त्यात मी एकदा पोळले आहे. जुना अल्बम पीव्हीसीचा होता हे मला दहा वर्षांनी कळलं. कप्पा उघडला की नव्या रेनकोटचा वास यायचा, तेव्हाच शंका यायला हवी होती. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं. माझी दहाची स्टार नोट (जिच्या नंबरात तारा असतो ती) त्यात अशी चिकटली की सोडवताना पाठीमागची थोडी शाई प्लास्टिकलाच राहिली. कोरी करकरीत नोट, आणि आता हाताला चिकट लागते.

म्हणून या वेळी नोटा भरायच्या आधी एका पानाचा कोपरा कापला. तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसवर लाल केली, तुकड्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसीच. हिरवी झाली नाही. (खिडकी उघडी ठेवा, धूर चांगला नसतो.) वेष्टनावर पॉलिएस्टर लिहिलंय. ते पॉलिप्रॉपिलीन निघालं तरी माझी तक्रार नाही, दोन्ही चालतात. काळ्या पट्टीवर ओला कापूस घासून पाहिला, रंग सुटला नाही. इथवर पैकीच्या पैकी गुण.

कप्पे ऐसपैस आहेत. जुनी शंभराची नोट १५७ बाय ७३ मिलिमीटर, नवी जांभळी १४२ बाय ६६. दोन्ही आरामात बसतात, फक्त नवी जरा घरंगळते. पण याच ऐसपैसपणामुळे माझी कानवाली नोट पहिल्यांदा न दुमडता बसली. कापणीच्या वेळी कागदाचा कोपरा दुमडलेला राहिला की उलगडल्यावर नोटेला असा जादा कान फुटतो. जुन्या अल्बमात तो कायम मुडपून ठेवावा लागे.

आता शिक्का. कंपनीने प्रत्येक कप्प्याच्या पुढच्या बाजूला, डाव्या वरच्या कोपऱ्यात आपलं बोधचिन्ह उमटवलंय, पांढरट, अंगठ्याएवढं. चित्रासाठी नोटा जमवणाऱ्याला ते खुपणार नाही. ब्रह्मदेशाची १९८७ ची ४५ आणि ९० क्याटची जोडी ठेवली, तर बघणारा त्या विचित्र आकड्यांकडेच बघतो. पण बदली नोटांचं सगळं मर्मच नंबरात असतं. छापखान्यात खराब निघालेल्या नोटेच्या जागी वेगळ्या मालिकेतली नोट घालतात, आणि ओळख म्हणून कुठे तारा तर कुठे वेगळं अक्षर. भारतात २००६ पासून अक्षरं आणि आकडे यांच्यामध्ये तारा येतो. झिम्बाब्वेच्या २००८ च्या शंभर ट्रिलियन डॉलरच्या नोटेवर नंबराच्या सुरुवातीला ‘एए’ऐवजी ‘झेडए’ असतं, बस, एवढाच फरक. आणि २०१६ ची पाचशेची स्टार नोट या कप्प्यात घातली की डावीकडचा वरचा नंबर शिक्क्याखाली जातो. खाली उजवीकडे तोच नंबर असतो, मान्य. पण त्यावर दिव्याची तिरीप पडते. एक डॉलरची स्टार नोट तेवढी वाचली, कारण तिच्यावर नंबर वर उजवीकडे आणि खाली डावीकडे असतो.

चोवीस वर्षं कॅश काउंटरवर काढल्यामुळे माझी नजर आधी नंबरावरच जाते. हा अल्बम बनवणाऱ्याची कधी गेली नसावी.

शेवटी मी सगळ्या नोटा पाठमोऱ्या घातल्या, शिक्का नोटेच्या पाठीकडे जाईल अशा. आता पान उलटलं की डाव्या हाताला नोटा दिसतात आणि उजवीकडे नुसत्या काळ्या पट्ट्या. म्हणजे पानाला सहाऐवजी तीनच नोटा. आणखी वीस पानं मागवली आहेत, आणि सोबत बिनशिक्क्याची मिळतील का असंही विचारलंय. पानं आली, उत्तर नाही आलं. शिक्का आहेच.